लिन्नुनराता : एका फिनिश शब्दाची चार वये

फिनलंड हा 'जगातील सर्वांत आनंदी देश' म्हणून दरवर्षी बातम्यांत येऊ लागल्यापासून त्या देशाच्या भाषेतले अगडबंब शब्दही समाजमाध्यमांवर फिरू लागले आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध शब्द रोमन लिपीत ६१ अक्षरांचा आहे आणि त्याचा अर्थ 'विमानाच्या जेट टर्बाइन इंजिनाचा साहाय्यक मेकॅनिक म्हणून शिकणारा बिनसनदी लष्करी अधिकारी' असा काहीसा होतो. हा शब्द म्हणजे भाषेची कसरत आहे. रोजच्या बोलण्यात त्याचे काही काम नाही. फिनिश शब्द कसे घडतात हे समजून घ्यायचे असेल, तर त्याऐवजी अवघ्या दहा अक्षरांचा, तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला एक शब्द घ्यावा. तो म्हणजे 'लिन्नुनराता'. आपण जिला आकाशगंगा म्हणतो, तिला फिनिश माणूस 'पक्ष्याची वाट' म्हणतो.

एवढे सांगून बहुतेक जण थांबतात आणि 'किती काव्यमय!' असे म्हणून पुढे जातात. परंतु हा शब्द उलगडत गेले की त्याचे वय किती, या साध्या प्रश्नाला चार निरनिराळी उत्तरे मिळतात. पहिल्या पदाचे वय वेगळे, दुसऱ्या पदाचे वेगळे, दोन्ही पदे जोडून झालेल्या नावाचे वेगळे आणि त्या नावामागच्या कल्पनेचे आणखी वेगळे. शब्दाची व्युत्पत्ती, म्हणजे तो कोठून आला आणि कसा बदलत गेला याचा शोध, घेताना ही चार वये एकमेकांत मिसळली की बहुतेक चुकीचे निष्कर्ष निघतात.

दोन पदे कशी जोडली जातात

फिनिशमध्ये 'लिन्तु' म्हणजे पक्षी आणि 'राता' म्हणजे वाट, मार्ग किंवा रूळ. या दोन पदांचा समास होताना 'लिन्तु'चे रूप 'लिन्नुन' असे होते. शेवटचा 'न' हा षष्ठीचा प्रत्यय आहे, म्हणजे आपल्या 'चा-ची-चे'चे काम करणारा. तो लागला की आतल्या 'न्त'चा 'न्न' होतो. हा नियम या एका शब्दापुरता नाही. 'रान्ता' म्हणजे किनारा, त्याचे 'रान्नान'. 'हिन्ता' म्हणजे किंमत, त्याचे 'हिन्नान'. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी 'घोडा'चे 'घोड्या' होते आणि आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. फिनिशमध्ये बदल शेवटच्या स्वराऐवजी आतल्या व्यंजनात होतो, एवढाच फरक.

समासात विभक्तीचा प्रत्यय गळून पडतो, असे आपण शाळेत शिकलो आहोत. 'राजाचा वाडा' तो 'राजवाडा'. येथे मात्र प्रत्यय जागच्या जागी आहे. संस्कृत व्याकरणात अशा समासाला अलुक् समास म्हणतात आणि 'वाचस्पती' हे त्याचे परिचित उदाहरण आहे, कारण त्यात 'वाचः' हे षष्ठीचे रूप तसेच टिकले आहे. लिन्नुनराता हा त्याच घडणीचा शब्द. फिनिशमध्ये प्रत्यय गळालेले समासही भरपूर आहेत, त्यामुळे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. षष्ठी एकवचनी असली तरी येथे कोणा एका पक्ष्याची वाट अभिप्रेत नाही. 'कुत्र्याची छत्री' म्हणताना आपल्या मनात जसा कोणी एक कुत्रा नसतो, तसेच हे एकवचन जातिवाचक आहे.

वाट या अर्थाचा दुसरा फिनिश शब्द आहे 'तिए'. तो घेऊन 'लिन्नुनतिए' असा समास केला, तर त्याचा अर्थ होतो दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर, ज्याला आपण हवाई अंतर म्हणतो. फिनलंडच्या आखाताच्या पलीकडे, हेलसिंकीपासून सुमारे ८० किलोमीटरवर, एस्टोनिया आहे. तिथली भाषा फिनिशची सख्खी बहीण. तिच्यात हीच दोन पदे जोडून 'लिन्नुते' हा शब्द होतो आणि त्याचा अर्थ मात्र आकाशगंगा. तेव्हा पदे कळली म्हणजे शब्द कळला असे होत नाही. पदांच्या बेरजेतून नेमका कोणता अर्थ पक्का होईल, हे बोलणारा समाज ठरवतो.

'लिन्तु' : आधी हंस, मग पक्षी

फिनिश ही युरोपात बोलली जात असली तरी स्वीडिश, रशियन, इंग्रजी किंवा मराठी ज्या इंडो-युरोपीय भाषाकुलात मोडतात, त्यात ती नाही. तिचे कुल उरालिक. एस्टोनियन, सामी आणि हंगेरियन या भाषा, तसेच व्होल्गा नदीच्या परिसरातल्या मारी व मॉर्डव्हिन आणि सायबेरियातल्या खांटी व मानसी या भाषा तिच्या नात्यातल्या आहेत. फिनिशमधली पहिली पुस्तके १५४० च्या दशकात मिकाएल आग्रिकोला या धर्मोपदेशकाने छापली. त्यामागचा इतिहास लेखांतून मिळत नसल्यामुळे तो या नातेवाईक भाषांची तुलना करूनच शोधावा लागतो.

तुलना केली की काय दिसते? उत्तर सामीमध्ये 'लोद्दि' म्हणजे पक्षी. हंगेरियनमध्ये 'लूद' म्हणजे हंस. अर्थात चित्रातला डौलदार शुभ्र हंस नव्हे, तर इंग्रजीतला गूज. मानसीत 'लुन्त' आणि खांटीत 'लोन्त', दोन्हींचा अर्थ तोच. मारीतल्या 'लुदो'चा अर्थ बदक. या सर्वांचे मूळ रूप 'लुन्ता'च्या जवळचे असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि त्याचे वय चार हजार वर्षे किंवा त्याहून अधिक आहे.

ओळखीचे आवाज दिसले की नाते जोडायचे, असा हा प्रकार आहे काय, अशी शंका येथे कोणीही घेईल. तसे नाही. हंगेरियनमध्ये जुना 'न्त' बदलून 'द' होतो, हे दुसऱ्या शब्दांतही दिसते. फिनिश 'कुन्ता' म्हणजे गाव-समाज, आजच्या भाषेत नगरपालिका. त्याचा हंगेरियन जोडीदार 'हाद', म्हणजे सैन्य. येथेही 'न्त'च्या जागी 'द' आहे. शिवाय फिनिश 'क'च्या जागी हंगेरियन 'ह' आहे, जसा 'काला' आणि 'हाल' या मासा अर्थाच्या जोडीतही आढळतो. फरक असा नियमाने पुन्हा पुन्हा भेटतो, तेव्हाच दोन शब्द एका मुळाचे ठरतात. नुसते साम्य पुरत नाही, आणि नुसत्या फरकाने नाते तुटतही नाही.

अर्थाकडे पाहिले तर पूर्वेकडच्या भाषांत हंस किंवा बदक, तर फिनिश, एस्टोनियन आणि सामीत कोणताही पक्षी. मग फिनिश लोक हंसाला काय म्हणतात? 'हान्ही'. हा शब्द त्यांनी बाल्टिक भाषांकडून, म्हणजे लिथुआनियन व लाटव्हियन यांच्या पूर्वज भाषेकडून घेतला. बाल्टिक भाषा इंडो-युरोपीय असल्यामुळे हान्हीचे मूळ आणि संस्कृत 'हंस'चे मूळ एकच आहे. म्हणजे शिकाऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या या भाषेत पाणपक्ष्याचे जुने नाव विस्तारून सर्व पक्ष्यांचे झाले आणि हंसासाठी शेजाऱ्यांचा शब्द आला. लिन्नुनराता समजून घेताना हे पुढे उपयोगी पडेल.

'राता' : तुडवून पडलेली वाट

दुसरे पद घरचे नाही. प्राचीन जर्मानिक भाषेत, म्हणजे आजच्या स्वीडिश, जर्मन आणि इंग्रजीच्या पूर्वज भाषेत, 'त्रादा'सारखा एक शब्द होता. त्याचा धातू 'पाय टाकणे, तुडवणे' या अर्थाचा, आणि त्या शब्दाचा अर्थ येण्याजाण्याने पडलेली वाट. इंग्रजीतला 'ट्रेड', म्हणजे व्यापार, हाही त्याच घराण्यातला आहे. त्याचा जुना अर्थ वाट, मग नेहमीची रीत, मग नेहमीचा धंदा आणि शेवटी व्यापार, असा तो सरकत गेला. फिनिश पूर्वज भाषेने हा शब्द इसवी सनाच्या आरंभाच्या मागच्यापुढच्या शतकांत केव्हातरी घेतला असावा.

'त्रादा'तला 'त' कुठे गेला? जुन्या फिनिशमध्ये शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने एकत्र येऊ शकत नसत, त्यामुळे बाहेरून आलेल्या शब्दांची पुढची व्यंजने गळत. 'स्त्रान्द'चे 'रान्ता' झाले, स्वीडिश 'स्तूल'चे 'तुओली', म्हणजे खुर्ची, झाले आणि 'स्कूला'चे 'कोउलू', म्हणजे शाळा. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून स्टेशनचे 'टेसन' झाले ते याच कारणाने. अलीकडच्या काळात घेतलेल्या 'त्राक्तोरि' अशा शब्दांत मात्र फिनिश माणूस जोडाक्षर निमूटपणे उच्चारतो, आणि म्हणूनच व्यंजन गळले आहे की टिकले आहे यावरून उसन्या शब्दाच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

मराठी वाचकाला येथे एक मोह होणे साहजिक आहे. राता म्हणजे आपला 'रथ' किंवा 'रस्ता' तर नव्हे? नव्हे. 'रस्ता' मराठीत फारसीतून आला आणि 'रथा'चे कुटुंब चाकाशी संबंधित आहे. पण हा मोह अगदीच निराधार नाही, कारण फिनिशमध्ये भारत-इराणी शाखेतून फार प्राचीन काळी गेलेले शब्द खरोखर आहेत. 'साता' म्हणजे शंभर, त्याचा संबंध 'शत'शी. 'वासारा' म्हणजे हातोडा, त्याचा 'वज्रा'शी. आणि नोव्हेंबर महिन्याच्या 'मार्रासकू' या नावातल्या 'मार्रास'चा संबंध 'मृत'शी जोडला जातो. साता आणि शत यांचे नाते मान्य आणि राता आणि रथ यांचे अमान्य, हा निवाडा कानावर सोडलेला नाही. तो ध्वनिबदलांच्या नियमांवर केलेला आहे.

आजच्या फिनिशमध्ये रेल्वेचा लोहमार्ग, धावण्याची शर्यतपट्टी, बंदुकीच्या गोळीचा मार्ग आणि ग्रहाची कक्षा या सर्वांसाठी 'राता' चालतो. पायाने तुडवून पडलेल्या वाटेसाठी घेतलेला शब्द, ज्यांचे पाय उडताना जमिनीला लागत नाहीत त्या पक्ष्यांच्या वाट्याला आला, याची गंमत मला वाटते; फिनिश माणसाला ती जाणवत नसावी.

पक्ष्यांचीच वाट का

दक्षिण फिनलंडमध्ये मे महिन्यापासून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत रात्र पुरती काळोखी होतच नाही आणि उत्तरेकडे लॅपलंडमध्ये तर सूर्य काही आठवडे मावळत नाही. त्यामुळे उन्हाळाभर आकाशगंगा दिसत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात काळोख परततो, तो दुधाळ पट्टा पुन्हा दिसू लागतो आणि नेमके त्याच दिवसांत पक्ष्यांचे परतीचे स्थलांतर सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात क्रौंच आणि हंस यांचे थवे जातात. त्या महिन्यांत संध्याकाळनंतर आकाशगंगा ईशान्येकडून डोक्यावरून नैर्ऋत्येकडे गेलेली दिसते, आणि पक्ष्यांच्या प्रवासाची एक मुख्य दिशाही नैर्ऋत्यच असते. काळ आणि दिशा दोन्ही जुळल्यावर नाव पडायला आणखी काय लागते?

याला लोकसमजुतींचाही आधार होता. आकाश जेथे पृथ्वीला टेकते, त्या जगाच्या कडेला 'लिन्तुकोतो', म्हणजे पक्ष्यांचे घर, आहे आणि पक्षी हिवाळ्यात तेथे जातात, असे मानले जाई. आज हा शब्द जगाच्या धकाधकीपासून दूर असलेल्या सुरक्षित जागेसाठी वापरतात आणि फिनिश राजकीय लेखनात तो थोड्या उपरोधाने खुद्द फिनलंडला लावला जातो. माणसाचा आत्मा पक्षी आणतो आणि पक्षीच नेतो, अशीही एक समजूत होती. मात्र वाटेचे नाव या आत्म्यांवरून पडले, असे म्हणायला मी धजणार नाही. त्यासाठी ऋतू आणि दिशा पुरेशा आहेत.

पक्षी खरोखर आकाशगंगा पाहून उडतात काय

अनेक लहान पक्षी रात्रीच स्थलांतर करतात आणि ताऱ्यांचा आधार घेतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात निळ्या रंगाच्या बंटिंग पक्ष्यांना तारांगणात कागदी नरसाळ्यात ठेवले. तळाशी शाईचा पॅड होता, त्यामुळे पक्षी ज्या दिशेला उडू पाहत, त्या बाजूच्या कागदावर पायांचे ठसे उमटत. पिलांना बेटेलज्यूज ताऱ्याभोवती फिरणारे कृत्रिम आकाश दाखवून वाढवले, तेव्हा त्यांनी तोच तारा ध्रुव समजून दिशा ठरवली. म्हणजे हे पक्षी लहानपणी आकाशाच्या फिरण्याचे केंद्र शिकतात. या प्रयोगांतला आधार ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांचा होता. आकाशगंगेच्या पट्ट्याची वाट धरून पक्षी जातात असे त्यांतून निघत नाही.

आकाशगंगेचा उपयोग करणारा प्राणी मात्र सापडला आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की दक्षिण आफ्रिकेतला शेणाचे गोळे ढकलणारा एक किडा चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगेचा पट्टा पाहून सरळ रेषेत चालतो. नाव पक्ष्यांचे आणि वापर शेणकिड्याचा, असा हा मामला आहे. अर्थात ज्यांनी नाव ठेवले, त्यांनी पक्ष्याच्या मेंदूविषयी काही दावा केलाच नव्हता.

शेजारी काय म्हणतात

नाव फिनिश लोकांनीच शोधले असेल, तर ते नातेवाईक भाषांत मिळावे आणि परक्या भाषांत मिळू नये. प्रत्यक्षात नकाशा असा सरळ विभागलेला नाही. लिथुआनियनमध्ये आकाशगंगेला 'पाउक्श्चू ताकास' आणि लाटव्हियनमध्ये 'पुत्नू त्सेल्श' म्हणतात. दोन्हींचा अर्थ पक्ष्यांची वाट, आणि दोन्ही भाषा फिनिशच्या कुलातल्या नाहीत. कझाख ही तुर्की कुलातली भाषा, तिच्यात 'कुस जोलि', म्हणजे पुन्हा पक्ष्याची वाट. व्होल्गेच्या काठी तातार आणि चुवाश या तुर्की कुलातल्या भाषा तिला रानहंसांची वाट म्हणतात, त्यांच्या शेजारची उरालिक मारीही तसेच म्हणते, आणि मॉर्डव्हिनांपैकी एर्झ्या लोक क्रौंचाची वाट म्हणतात.

उलट फिनिशच्याच कुलातली हंगेरियन काय म्हणते? तिच्या लोकपरंपरेतले नाव आहे 'हादाक ऊत्या', म्हणजे सैन्यांची वाट. या 'हादाक'मध्ये वर आलेला तोच 'हाद' आहे. फिनलंडमध्ये स्वीडिश हीसुद्धा राजभाषा आहे आणि तिच्यात आकाशगंगेला 'विंतेरगातान', म्हणजे हिवाळ्याचा रस्ता, असे नाव आहे. एकाच गावात दोन घरांतून एकाच पट्ट्याकडे पाहणारी माणसे दोन वेगळ्या वाटा पाहतात. आणखी दूर ग्रीक आणि लॅटिन परंपरेत दूध येते, चिनी आणि भारतीय परंपरेत नदी, आणि फारसीत गवताची काडी. उर्दू शायरीतून आपल्या कानांवर आलेल्या 'कहकशाँ'चा मूळ अर्थ काड्या किंवा पेंढा ओढणारी असा आहे.

मग ही कल्पना कोणाची, आणि किती जुनी

पक्ष्यांच्या वाटेची नावे बाल्टिक समुद्रापासून कझाखस्तानच्या गवताळ प्रदेशापर्यंत सलग पट्ट्यात मिळतात आणि भाषाकुलांच्या सीमा जुमानत नाहीत. यावरून एक निष्कर्ष सुरक्षितपणे काढता येतो. शब्द वारशाने आला नाही, तर कल्पना शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेली आणि प्रत्येकाने ती आपापल्या शब्दांत मांडली. अशा प्रक्रियेला भाषांतरित उसनवारी म्हणतात. फिनिश आणि बाल्टिक लोकांचा संबंध इतका दाट होता की 'तुतॅर', म्हणजे मुलगी, हा घरातला शब्दसुद्धा फिनिशने बाल्टिककडून घेतला, आणि त्याचे मूळ आपल्या 'दुहिता'च्या मुळाशी एक आहे. मुलीचे नाव उसने घेणारा समाज आकाशातल्या वाटेची कल्पनाही घेऊ शकतो, किंवा देऊही शकतो. कोणी कोणाला दिली, हे नुसत्या नावांवरून ठरत नाही.

यावर एक आकर्षक मांडणी करता येते. मारी, तातार आणि चुवाश रानहंसांची वाट म्हणतात, 'लिन्तु'चाही जुना अर्थ पाणपक्षी किंवा हंस असा दिसतो, तेव्हा लिन्नुनराता म्हणजे मुळात हंसांचीच वाट असणार! मला स्वतःला ही मांडणी आवडते, आणि म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहणे भाग आहे. 'राता' हे पद जर्मानिक लोकांकडून आले, त्याआधी लिन्नुनराता हा शब्द या रूपात असूच शकत नाही. तोपर्यंत 'लिन्तु'चा अर्थ कोणताही पक्षी असा झालेला असणे पूर्ण शक्य आहे, कारण हा व्यापक अर्थ सामीमध्येही आहे आणि फिनिश व सामी एकमेकींपासून फार पूर्वी वेगळ्या झाल्या. एस्टोनियनने त्याच कल्पनेसाठी दुसरे पद, म्हणजे 'तिए'चा जोडीदार 'ते', वापरले आहे, यावरूनही नावाचे उत्तरपद बदलत राहिले असावे असे दिसते. म्हणजे पद चार हजार वर्षांचे असले तरी समास तेवढा जुना ठरत नाही, आणि समास अलीकडचा असला म्हणून कल्पनाही अलीकडची ठरत नाही.

अर्थ इतका उघड असताना शंका कशाला

लिन्नुनराता ऐकताच दोन्ही पदे ओळखू येतात, तेव्हा एवढा खटाटोप कशासाठी, हा शेवटचा आक्षेप. त्याचे उत्तर प्रवासाशीच संबंधित अशा दुसऱ्या एका फिनिश समासात आहे. 'पेनिनकुल्मा' हे अंतराचे जुने माप आहे आणि दशमान पद्धतीनंतर ते दहा किलोमीटरचे धरले गेले. त्यातला 'पेनि' म्हणजे कुत्रा, आणि मूळ अर्थ कुत्र्याचे भुंकणे ऐकू येईल इतके अंतर. आज कुत्र्याला फिनिशमध्ये 'कोइरा' म्हणतात. 'कुल्मा'चा आजचा अर्थ कोपरा किंवा कोन असा असल्यामुळे दुसरे पदही दिशाभूल करते. आपला 'कोस' असाच झिजलेला आहे. तो संस्कृत 'क्रोश'पासून आला, क्रोश म्हणजे हाक, आणि कोस म्हणजे हाक पोहोचेल इतके अंतर. आज कोस म्हणताना कोणाला हाक ऐकू येत नाही.

झिजलेल्या शब्दाबाबत अभ्यासक आपोआप सावध होतो, कारण अर्थ दिसतच नाही. लिन्नुनरातासारख्या स्वच्छ शब्दाबाबत मात्र प्रत्येक पिढी दोन्ही पदे पाहून आपापले स्पष्टीकरण तयार करू शकते. पक्षी त्या पट्ट्याच्या आधाराने उडतात, लिन्तुकोतोकडे जाणारी वाट तीच, आत्मे तिच्यावरून जातात, अशी स्पष्टीकरणे नावाला जन्म देणारीही असू शकतात आणि नाव ऐकून नंतर सुचलेलीही. ऋतू आणि दिशांचा जुळून येणारा मेळ मला पटतो, कारण तो आजही फिनलंडमध्ये सप्टेंबरच्या निरभ्र रात्री पडताळून पाहता येतो. लोकसमजुतींपैकी कोणती नावापूर्वीची आणि कोणती नावानंतरची, हे मात्र प्रत्येकीच्या नोंदींचा काळ आणि प्रदेश तपासूनच ठरवावे लागते.